वारा कुठून धरायचा

रंगनाथकाका, शुक्रवार येऊन गेला. "शुक्रवारी दुपारी दुकानावर येतो, मनीषाला सांग," असा निरोप तुम्ही सोमवारी माझ्या भावाजवळ, दिलीपजवळ दिलात. आणि बुधवारी दुपारी जेवून जरा आडवे झालात ते उठलाच नाहीत. ही कुठली पद्धत? चौतीस वर्षं हवामानाच्या वेधशाळेत काढलेला माणूस तुम्ही, सकाळी सातचं वाचन सात वाजून दोन मिनिटांनी घेतलं गेलं तर दिवसभर स्वतःवर चरफडणारे, आणि दिलेला वार चुकवता? मला तुमचा राग आलाय. राग आहे तोवरच लिहून घेते. तो उतरला की रडू येईल, आणि मग माझ्याच्यानं दोन ओळी व्हायच्या नाहीत.

त्या शुक्रवारी दुकान उघडंच ठेवलं होतं मी. दिलीप म्हणाला, "अगं बंद ठेव, लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, औषधाचं दुकान आहे, मानवत गावातल्या लोकांचा ताप थांबलाय का? खरं कारण मलाही तेव्हा नीट सांगता आलं नसतं. दुपारी दोन वाजता सवयीनं मी काउंटरमागची दुसरी खुर्ची पुसली, आणि मग ती पुसल्याचा मलाच राग आला.

तुम्हाला आठवतं का, तुम्ही पहिल्यांदा माझ्याशी औषधापलीकडचं बोललात ते? रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला आला होतात. काउंटरवर माझं हवामानाचं पुस्तक उघडं होतं, खासगी वैमानिकाच्या परवान्याच्या लेखी परीक्षेचं. पानावर गडगडाटी ढगाचं चित्र होतं. तुम्ही चष्मा वर सरकवून ते पुस्तक सरळ स्वतःकडं फिरवलंत, विचारलं सुद्धा नाही, आणि म्हणालात, "गलत हाय हे. वरचं वारं इकडून दाखवलंय, मग ढगाचा माथा तिकडं झुकाया पायजे. ज्यानं हे चित्र काढलं त्यानं ढग कधी बघितलाच न्हाई." मग कुठं विचारलंत, "हे कुणाचं पुस्तक?" मी म्हटलं, माझं. तुम्ही हसला नाहीत. अख्ख्या मानवतात न हसलेला पहिला माणूस तुम्ही.

बाकीच्यांनी काय कमी केलं? मेडिकलवाली विमान शिकायलीय, ही बातमी दोन दिवसांत मोंढ्याच्या बाजारापर्यंत गेली. चौतिसाव्या वर्षी, लग्नाचं बघायचं सोडून. मामा म्हणाले, अंथरूण पाहून पाय पसरावेत. जीपवाल्यांनी तर उच्छादच मांडला. "ताई, तुमी पन मानवत-पाथरी शिटा भरनार का? मग लाइनीत नंबर लावा बरं, मधीच घुसायचं न्हाई!" मी चिडून तुम्हाला सांगितलं तर तुम्ही म्हणालात, "हसू दे. आमच्या वेधशाळेला बी लोक असंच हसायचे. अंदाज पुण्याहून यायचा, शिव्या आमाला बसायच्या. आमी आपलं सात वाजता वाचन घ्यायचो."

मग तुम्ही रोजच यायला लागलात. दुपारी दोन ते चार गिऱ्हाईक नसतं, ती वेळ तुम्ही ठरवलीत. माझी नव्हे हं, तुमची सोय बघून ठरवलीत, कारण दोन वाजता वेधशाळेत दुपारचं वाचन असायचं आणि निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी त्या वेळी तुम्हाला झोप लागत नव्हती. आधी पायरीवर उभं राहून आभाळ बघायचं, त्याचे मनात आठ भाग करायचे, आणि किती भाग ढगानं झाकलेत तो आकडा सांगत आत यायचं. "तीन." कधी "पाच." कधी नुसतंच "निरंक." समोरचा भांड्यांचा दुकानदार मला विचारायचा, हे म्हातारबाबा रोज कसला आकडा लावतात? मी त्याला सांगितलं, आकडाच लावतात, पण फुटत नाही कधी.

तुम्ही माझ्यासमोर बसायचात आणि मला पाठांतर करू द्यायचा नाहीत. माझ्याकडं हजार प्रश्नांचं जाडजूड पुस्तक होतं, मागं उत्तरं. सगळी पोरं तेच घोकून पास होतात, फ्लाइंग क्लबात मला तसंच सांगितलं होतं. तुम्ही ते पुस्तक खोकल्याच्या बाटल्यांच्या खोक्यामागं ठेवलंत आणि म्हणालात, "परीक्षा संपल्यावर घे." दवबिंदू शिकवायला तुम्ही स्टीलच्या पेल्यात बर्फ घालून काउंटरवर ठेवलात. पेल्याला बाहेरून घाम फुटला तेव्हा म्हणालात, "बघ, ह्या तपमानाला हवेनं हात टेकले." एक बाई पोराला घेऊन आली होती, ती म्हणाली, "काका, बरफ कशाला, पोराला खोकला हाय." तुम्ही पेला मागं घेतलात आणि तिलाही दवबिंदू समजावून सांगितलात. ती बिचारी मान डोलवत राहिली, आणि तिच्या बाटलीवर किती चमचे ते लिहायलाच मी विसरले, परत हाक मारून बोलवावं लागलं.

रेडिओवर बोलायचा सराव आपण केला तो तर मी मरेपर्यंत विसरणार नाही. विमानातून विमानतळाच्या मनोऱ्याशी ठरलेल्याच शब्दांत बोलायचं असतं, इंग्रजीत, आणि मनोऱ्यानं सांगितलेलं परत म्हणून दाखवायचं असतं. मी काउंटरच्या ह्या बाजूला, तुम्ही मनोरा होऊन त्या बाजूला. तुमचं इंग्रजी वेधशाळेच्या नोंदवहीतलं, आकड्यांचं. मी उतरायची परवानगी मागितली की तुम्ही गंभीरपणे म्हणायचात, "मानवत टावर. वारं टू सेवन झिरो. उतरा आता, पर सावकाश." मी म्हणायचे, काका, 'पर सावकाश' असं नसतं त्यात. तर म्हणे, "नसंल. पर सांगाया काय जातंय?" हवामानाचा आणि नियमांचा, दोन्ही पेपर मी पहिल्या फटक्यात पास झाले. तुम्ही त्या दिवशी दुकानात आलेल्या प्रत्येकाला पेढा दिलात, मधुमेहाच्या गोळ्या न्यायला आलेल्यालाही.

नेव्हिगेशननं मात्र घात केला. विमान कुठं न्यायचं, वाऱ्यानं ते किती बाजूला सरकेल, पोचायला किती वेळ लागेल, ही सगळी गणितं. त्यासाठी एक गोल फिरती तबकडी असते. तुम्ही तिला तवा म्हणायचात. "काढ तुझा तवा." तव्यावर मी वाऱ्याची रेघ मारायचे आणि दर दोन दिवसांनी ती उलटी पडायची. वारा २७० अंश म्हणजे पश्चिमेकडून आलेला वारा. मला ते पाठ होतं, कुणी झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. पण हातात पेन्सिल आली की वारा पश्चिमेकडं निघायचा.

त्याचं कारणही मी तुम्हाला सांगितलं होतं. आमचं गाव पालमकडचं. कोरडवाहू, ज्वारीचं, हरभऱ्याचं. लहानपणी खळ्यावर उपणणी चालायची तेव्हा आई तिपाईवर उभी राहून पाटी डोक्याच्या वर धरायची आणि धान्य सोडायची. दाणा खाली पडायचा, भुसा उडायचा. भुसा म्हणजे बैलांचं वर्षाचं खाणं, तो वाया जाऊ द्यायचा नाही. म्हणून माझं काम काय, तर भुसा कुठं चाललाय ते बघून ओरडायचं. "आई, वारं ओढ्याकडं चाललंय!" मग भाऊ ताडपत्री तिकडं ओढायचा. वारा कुठून येतो हे आमच्या खळ्यावर कुणी कधी विचारलंच नाही. सगळ्यांचे डोळे तो कुठं जातो तिकडं.

तुम्हाला ते पटत नव्हतं. म्हणजे पटत नव्हतं असंही नाही, तुम्हाला ते डोक्यात शिरतच नव्हतं. "वारं येतं तिकडूनच त्याचं नाव. चौतीस वर्षं मी तसंच लिवलंय. कुठं जातंय त्याच्याशी आपल्याला काय करायचंय?" मी म्हणायचे, "आमची बैलं काय तुमची नोंदवही खातात का?" तुम्ही हसायचात आणि परत तेच. तुम्ही समोर असलात की माझी रेघ बरोबर यायची, तुमच्या डोळ्यांच्या धाकानं. हैदराबादच्या परीक्षा केंद्रात तुम्ही समोर नव्हतात.

पाच गणितांत माझा वारा उलटा गेला. आणि पेपर काढणारे किती हुशार असतात बघा, माझं चुकीचं उत्तर चार पर्यायांत रुबाबात हजर! शंकासुद्धा आली नाही. तीन प्रश्नांनी नापास झाले.

आता पुढचं लिहायला हात जड होतोय. निकाल लागला त्या दुपारी तुम्ही आलात, पायरीवरून "दोन" म्हणत आत आलात, आणि मला बघून समजलात. तुम्ही एवढंच म्हणालात, "वाऱ्यानंच खाल्लं का?" ते तुम्ही मायेनंच म्हणाला होतात. पण माझ्या नाकाला मिरची झोंबली. मी म्हटलं, "उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं, काका? जन्मभर जमिनीवर उभं राहून थर्मामीटर वाचलेत तुम्ही. विमानात कधी बसलात तरी का?"

तुम्ही म्हणालात, "न्हाई बसलो."

मग छत्री घेतलीत आणि गेलात. कडक ऊन होतं, मी हाक मारायला हवी होती. गल्लीच्या टोकापर्यंत मला तुम्ही दिसत होतात. मी काउंटरवरचं खोकं उगाच इकडचं तिकडं केलं.

पंचवीस दिवस तुम्ही आला नाहीत. तुमच्या महिन्याच्या गोळ्या मी दिलीपबरोबर घरी पाठवल्या. पाठवताना वाटलं, चिठ्ठीवर दोन शब्द लिहावेत. लिहिलं काय, तर 'सकाळी एक, जेवणानंतर'. म्हटलं, येतील की आपणहून, किती दिवस रुसतील? पुढच्या परीक्षेचा फॉर्म मी निकालाच्याच संध्याकाळी रागारागात भरला होता, पण पुस्तकाला हात लावला नव्हता. चुकलं माझं, काका. हे मी तुमच्या घरी, अंगणात एवढी माणसं बसलेली असताना म्हणू शकले नाही. तुमच्या पायाशी उभी राहून नुसती बघत राहिले. तिथं मोठ्यानं म्हणायला हवं होतं, ते इथं म्हणतेय.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सुमनकाकू दुकानावर आल्या. पदराखालून तुमच्या न फोडलेल्या तीन पट्ट्या काढून काउंटरवर ठेवल्या. आमच्या धंद्यात हे होतंच. माणूस गेल्यावर गोळ्या परत येतात, आम्ही मुकाट्यानं घेतो आणि फळीवर ठेवतो. तुमच्या पट्ट्या मात्र मला फळीवर ठेववेनात. काकूंनी ते पाहिलं, आणि सरळ विचारलं, "पेपर कवा हाय तुझा?"

मी म्हटलं, "पुढच्या सोमवारी. पण मी जाणार नाही, काकू. सोडलं मी ते."

"सोडलं म्हंजी? मग आमचं मानूस एवढ्या उन्हातानात तुझ्याकडं येऊन बसायचं ते काय गोळ्या मोजाया?"

मी मग त्यांना सगळं सांगितलं. मी काय बोलले, तुम्ही कसे उठून गेलात. काकू ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "त्यांना उंचीची लय भीती व्हती, तुला म्हाईत न्हवतं का? गच्चीवर कठड्याजवळ जायाचे न्हाईत. हापिसानं येकदा दिल्लीला विमानानं पाठवायचं ठरीवलं, तर हे दोन दिवस आधी रेल्वेनं निघून गेले. वारा दाखवायचा तो कोंबडा खांबावर असतो ना, त्याला तेल घालाया शिपाई चढायचा. हे खालून सांगायचे."

काका, हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत. सांगितलं असतंत तर मी आयुष्यात ते वाक्य उच्चारलं नसतं. आणि सांगायचं तरी कसं, पोरीला विमान शिकवणाऱ्या माणसानं? मला सगळं समजतं आता, वेळ गेल्यावर.

काकू उठता उठता परत बसल्या. "आन आइक. जायाच्या आधीच्या आइतवारी हे पाथरीला गेल्ते, माज्या भावाच्या मळ्यात. घरापुरता हरभरा व्हता, मळणी यंत्राला द्यायाजोगा न्हवता, तर हातानंच उपणायला लागले व्हते. तर ह्यांनी हट्टच धरला, मी उपणतो. तिपाईवर चढले. चढले म्हंजी, भावानं येक हात धरला, गड्यानं कंबर धरली. सगळे हसायले. पाच-सात पाट्या सोडल्या आसतील. डोळ्यात, कानात, सगळीकडं भुसा घेऊन घरी आले. मी म्हनलं, ह्या वयात काय आवदसा आठीवली? तर म्हनले, पोरीचं बरोबर हाय. तिपाईवरून तसंच दिसतंय."

तुम्ही, गच्चीच्या कठड्याला न जाणारे, तिपाईवर. माझं म्हणणं तपासायला.

"आनखी कायतरी म्हनत व्हते," काकू म्हणाल्या, "शुक्कीरवारी मनीषाला सांगायचंय म्हनून माज्यासमोर दोनदा घोकलं त्यांनी. पाठीचं नाव लिहायचं आन भुशाकडं रेघ मारायची. मला त्यातलं काय कळलं न्हाई बघ. तुला कळतंय का?"

कळलं, काका. एका क्षणात कळलं. तिपाईवरच्या बाईच्या पाठीला वारा लागतो, ती पाठ पश्चिमेला असली की वाऱ्याचं नाव पश्चिमेचं, २७०. ते तुमचं. आणि भुसा जिकडं उडतो तिकडं तव्यावर रेघ ओढायची. ते माझं. दोघंही बरोबर होतो, आणि दोन महिने आपण त्याच काउंटरवर एकमेकांना वेड्यात काढलं. पुस्तकात हे चार पानांत आहे, मी दहादा वाचलं होतं. माझ्या पाठीला वारा लागला तो त्या दिवशी, काकूंच्या तोंडून.

"कळलं," मी म्हटलं.

"मग जा की," काकू म्हणाल्या, आणि पदर सावरून गेल्या.

गेले. मानवत रोडहून गाडी पकडली, दिलीप स्टेशनावर सोडायला आला होता, डब्यात भाकरी-ठेचा देऊन. "पास हो बाई, म्हंजी दुकानात बोलशील तरी नीट," म्हणाला. केंद्रात शेजारी विशीतली पोरं होती, एकमेकांना प्रश्नांचे नंबर सांगत होती, अमक्याचं उत्तर क, तमक्याचं ब. मला एकाही प्रश्नाचा नंबर येत नव्हता. वाऱ्याचं पहिलं गणित आलं तेव्हा मी खुर्चीत जरा ताठ बसले आणि पाठ कुठल्या दिशेला आहे ते आधी ठरवलं. देखरेखीवरच्या बाईंना वाटलं असेल हिची पाठ दुखतेय. सात गणितं होती वाऱ्याची. सगळ्यांना मी पाठ दिली. शेवटच्या गणितात आईचा चेहरा डोळ्यांपुढं आला, मग तुमचा आला, तिपाईवरचा, जो मी पाहिलेलाच नाही, आणि मला हसू फुटलं. वेळ उरला होता म्हणून सगळं परत तपासलं. बाहेर आल्यावर चहा घेतला. तुम्हाला सांगायच्या म्हणून दोन गोष्टी मनात ठरवल्या, आणि मग चहा तसाच ठेवला.

अजून बरंच बाकी आहे. तांत्रिक पेपर आहे, मग विमानाचे तास, मग परीक्षकासमोर उड्डाण. मधे कुठं अडेन तेव्हा कुणाशी भांडायचं, हा माझ्यापुढचा खरा प्रश्न आहे. तुमच्याइतकं निगरगट्टपणे चुकीचं सांगून, मग गुपचूप जाऊन ते तपासून येणारा दुसरा माणूस मी कुठून आणू? जन्मभर पुरेल इतकं तुम्ही दिलंत, हे मला कळतं. पण माझी भूक मोठी आहे, त्याला मी काय करू?

निकाल काल दुपारी लागला. सत्तर टक्के लागतात, मला ब्याऐंशी पडले. दुकानात दोन माणसं होती, त्यांना तसंच उभं ठेवून मी तुमचा नंबर लावला. तो फोन आता काकूंजवळ असतो.

"कोन?"

"काकू, मनीषा. पास झाले मी."

"खरंच?" काकू म्हणाल्या. आणि फोन तसाच कानाशी धरून, आतल्या खोलीकडं तोंड करून, मोठ्यानं हाक मारली, "अवो, आइकलं का? मनीषा पास झाली!"

दुकानातली माणसं माझ्याकडं बघत होती. काकूंचा श्वास मला फोनवर ऐकू येत होता. जरा वेळानं त्या हळू आवाजात म्हणाल्या, "सवय हाय गं माय."

मी म्हटलं, "काकू, परत एकदा सांगा त्यांना."

आणि त्यांनी परत हाक मारली, काका, आधीपेक्षा मोठ्यानं.